वेशीवरचं मेक्सिको

खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालकांनी मला पाणी किती वाजता येतं ते सांगितलं नाही, लाइटच्या मीटरचं काही बोलले नाहीत, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. ओट्यावर उकिडवे बसून, माझ्याकडे खालून वर बघत त्यांनी एकच प्रश्न केला.

“बाई, मेक्सिको तुमाला किती येतंय?”

भिवंडीतल्या एका शाळेत मी भूगोल शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. मेक्सिकोची राजधानी, शेजारचे देश आणि मिरची एवढं मला येत होतं. तेवढं मी घडाघडा सांगितलं.

“ते झाला आताचा. त्याच्या आधीचा?”

“कशाच्या आधीचं?”

“सगल्याच्या आधीचा.”

मी म्हटलं, नाही येत. माणूस खूश झाला. मांडीवर थाप मारून उठला, कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, “मंग घ्या खोली. दोघां मिलून शिकू.”

मी सांगलीकडची. आमच्याकडे घरमालक भाडेकरूची जात-पात-पगार विचारतो, नाहीतर निदान मांस-मच्छीचं तरी विचारतोच. इथे माझी परीक्षा भलत्याच विषयात झाली होती आणि नापास झाले म्हणून मला प्रवेश मिळाला होता. ट्रंक वर चढवताना मला एकटीलाच हसू येत होतं.

गाव भिवंडीहून कोनकडे जाताना डाव्या हाताला आत होतं. कधीकाळी भाताचं आणि खाडीचं गाव. आता चहूबाजूंनी गोदामं. ज्या खाचरात ह्यांच्या आज्यांनी आवण, म्हणजे भाताची रोपं, लावली, तिथे आता लोकांनी मोबाइलवर मागवलेल्या चपला आणि मिक्सर उतरत होते. जमिनींना भाव आला तसं गावातल्या पुरुषांच्या गळ्यात सोनं आलं. एकेकाच्या गळ्यात एवढी जाड साखळी, की म्हशीलाही दोनदा बांधून उरावी. माझ्या घरमालकांची, सगळं गाव ज्यांना काका म्हणतं त्यांची, दोन गोदामं भाड्याने दिलेली होती, पण गळ्यात गुंजभर सोनं नव्हतं. काळ्या दोऱ्यात ओवलेला एक हिरवा दगड तेवढा होता. तो कुठल्यातरी इमारतीच्या फरशीचा उरलेला तुकडा होता, हे मला काकींनी सांगितलं. काकी म्हणजे त्यांच्या पत्नी. खाडीकाठच्या कोळ्यांची लेक, बोलणं मोजकं. बोलल्या की मात्र मांजरसुद्धा उठून जागा द्यायचं.

“त्या लोकानला हिरवा दगुड सोन्याहून भारी,” काका सांगायचे. “सोनं पिवला. पिवला काय, कावीलमदी पन व्हतं मानूस.”

हे ‘ते लोक’ म्हणजे ओल्मेक. जुन्या मेक्सिकोत, खाडी-दलदलीच्या मुलखात, सगळ्यांच्या आधी ज्यांनी मोठी वस्ती केली, मातीचे उंच चौथरे रचले आणि डोंगरातून आणलेल्या काळ्या पाषाणाची माणसापेक्षा उंच डोकी घडवली, ते. काकांच्या आयुष्यात ते पुठ्ठ्याच्या खोक्यातून आले. त्यांचं एक गोदाम परदेशी पुस्तकांच्या व्यापाऱ्याने घेतलं होतं. एका पावसाळ्यात छत गळलं, खोके भिजले, व्यापाऱ्याने ते बाहेर फेकले. काकांनी त्यातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उचललं. कारण त्यात एका दगडी डोक्याचं चित्र होतं आणि ते डोकं हुबेहूब त्यांच्या मोठ्या मामांसारखं दिसत होतं. तेच नाक, तेच जाड ओठ, कपाळावर तीच आठी. पुस्तकाला कव्हर नव्हतं, त्यामुळे लेखक कोण ते कधीच कळलं नाही. शेवटची पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे त्या लोकांचं पुढे काय झालं तेही कळलं नाही. काकांच्या मेक्सिकोत लोक नुसते वर वर चढत होते. कोणी मरत नव्हतं, काही बुडत नव्हतं.

मी राहायला गेल्यापासून रोज संध्याकाळी एक पान वाचायचं ठरलं. मी इंग्रजी वाचायची, मराठीत सांगायची, आणि काका प्रत्येक वाक्याला हात वर करून गाडी थांबवायचे. शेजारच्या शेडमध्ये पॉवरलूमची खडखड चालू असायची, त्यामुळे मला ओरडून वाचावं लागे. रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, बाईंचं आणि मालकांचं भांडण जुंपलंय.

“टोपल्या टोपल्यांनी माती वाहून त्यांनी टेकडी उंच केली,” मी ओरडायची.

“थांबा. कोनी?”

“लोकांनी.”

“लोकांनी म्हंजे कोनी? सांगितला कोनी त्यानला?”

“ते नाही लिहिलेलं.”

“तेच तर लिवला पायजे!” काका ओट्यावर येरझारा घालायला लागायचे. “हे बगा बाई. सगल्यांची घरां सारकी. सगल्यांचं मकं सारकं. होड्या सारक्या. मंग एक दिस एक मानूस उठला आनि बोलला, माजा घर उंचावर पायजे, चला माती व्हा. आनि लोकांनी व्हाली! कशाला व्हाली? मी बोललो तं माजा सक्का भाव पन न्हाय उचलनार एक टोपली.”

सगळं त्यांचं आयुष्य ह्या एका प्रश्नात होतं. गंमत म्हणून मी तो ऐकत होते. त्यामागे किती दुखतंय ते कळायला मला वर्ष लागलं. काकांचं गावात कोणी ऐकत नसे. एकदा ते म्हणाले होते, ओढा बुजवू नका, पाणी घरात येईल. ओढा बुजवला, पाणी घरात आलं, आणि लोक म्हणाले काकांची जीभ काळी. दोनदा ते सरपंचपदाला उभे राहिले, दोन्ही वेळा पडले. दुसऱ्या खेपेला घरात सहा मतं होती आणि मिळाली चार. उरलेली दोन कोणाची, ह्यावर त्या घरात कधी चर्चा झाली नाही. काकी त्या विषयावर ताक घुसळायला घ्यायच्या.

पुस्तकात असलेली प्रत्येक गोष्ट करून बघायची हा काकांचा खाक्या. ते लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात असं मी ज्या दिवशी वाचलं, त्या दिवशी मला जेवण मिळायला फार उशीर झाला. काका पानवाल्याकडून चुन्याचा अख्खा डबा घेऊन आले. किती घालायचा ते पुस्तकात नव्हतं, म्हणून त्यांनी सगळा घातला. पहिला घास काकांनी घेतला, दुसरा मी. पुढचे तीन दिवस मी वर्गात हाताच्या खुणांनी मोसमी वारे शिकवले. काकांची जीभ तर एवढी सोलली, की काकींच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतर पहिल्यांदाच घरात तीन दिवस शांतता नांदली. चौथ्या दिवशी काकींनी स्वतःच चिमूटभर चुना घालून मका शिजवला, पाट्यावर वाटला आणि तांदळाच्या भाकरीसारखी पातळ भाकरी थापून आमच्यापुढे ठेवली. इतकी मऊ भाकरी मी आजवर खाल्लेली नाही. काकांनी भरल्या तोंडाने विचारलं, “शिकली कवा?” त्या म्हणाल्या, “त्या बायांना जमला, मना न्हाय जमनार?” ओल्मेकांच्या बायकांचा विचार माझ्या किंवा काकांच्या डोक्यात तोवर आलाच नव्हता.

मग तो चेंडू. ते लोक रबराच्या चेंडूचा खेळ खेळायचे आणि चेंडूला हात न लावता ढुंगणाने, म्हणजे पुस्तकाच्या भाषेत नितंबाने मारायचे. काकांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबा कापून, गुंडाळून, कलिंगडाएवढा चेंडू केला आणि जेवणाच्या सुट्टीत गोदामातल्या हमालांना गाठलं. हमाल बिहारकडचे, आडदांड, पण चेंडू बघून बिचकले.

“चाचा, हाथ से क्यूँ नहीं मारना?”

“हात लगाया तो फाउल.”

“कौन बोला?”

“ओल्मेक लोग बोला.”

“किधर के हैं ये लोग?”

“भौत दूर के. तेरे गाव से भी दूर के, भैया.”

दूरचे आहेत म्हटल्यावर हमालांना त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली असावी. ते खेळले. पहिल्याच फटक्यात चेंडूने गोदामाच्या मॅनेजरचा चहा उडवला, दुसऱ्यात मॅनेजर. पण त्या वीसेक मिनिटांत ती माणसं जी खिदळली, ती मी तिथे राहिले तेवढ्या काळात पुन्हा खिदळलेली पाहिली नाहीत. काका कमरेला गोणपाट बांधून मध्ये उभे होते आणि शिट्टी नसल्यामुळे तोंडानेच ‘फुर्र’ करत होते. कंपनीने दुसऱ्या दिवशी काकांना पत्र पाठवलं की मालकांनी गोदामाच्या आवारात क्रीडास्पर्धा घेऊ नयेत. काकांनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. ‘स्पर्धा’ हा शब्द त्यांना आवडला होता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं आणि आज मी त्यांच्याविषयी लिहायला बसले नसते. पण मग धोंड्याचं झालं.

गावाच्या वेशीवर, हमरस्त्याला लागून एक काळा पाषाण होता. माझ्या कमरेएवढा उंच, चार माणसं ऐसपैस बसतील एवढा रुंद. गावातल्या कुठल्याही लग्नात पहिली हळद लागायची ती धोंड्याला, मग नवऱ्यामुलाला किंवा नवरीला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हळदीने तो अर्धा पिवळा पडला होता. त्याला लोखंड लावायचं नाही, असा गावाचा नेम. ह्याच धोंड्यावरून गावाच्या दोन आळ्यांत अबोला होता. वरच्या आणि खालच्या आळीतल्या दोन हळदी एकाच दिवशी आल्या, दोन्ही मिरवणुका डीजे घेऊन एकाच वेळी धोंड्यापाशी पोचल्या आणि पहिली हळद कोणाची यावर दोन्ही डीजे तोंडाला तोंड लावून दोन तास वाजत राहिले. वाट्यांतली हळद वाळली. शेवटी म्हणे दोन्ही नवरदेव कंटाळून ट्रान्सफॉर्मरच्या मागे गेले आणि त्यांनी एकमेकांनाच हळद लावून घेतली. पण आळ्यांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. किराणा दुकानातसुद्धा खालच्या आळीचा मिठापुढे उभा असेल तर वरच्या आळीचा मिठाऐवजी साखर घेऊन घरी येईल, पण ‘जरा सरका’ म्हणणार नाही.

त्यात रस्ता रुंद करायचं काम आलं. कंत्राटदाराचा सुपरवायझर सभ्य माणूस होता. त्याने देवळात येऊन सरळ सांगितलं, “सोमवारी ब्रेकर लागेल. तोवर हलवलात तर हलवा. नाहीतर फुटून खडी होईल आणि त्याच रस्त्यात जाईल.”

देवळापुढे बैठक भरली. वरची आळी डावीकडे, खालची उजवीकडे, मध्ये एक कुत्रं. धोंडा तळ्यापाशी आणून ठेवायचा यावर दोघांचं लगेच पटलं, कारण तळं दोन्ही आळ्यांच्या बरोबर मधोमध आहे. पण आणायचा कसा? कोणी म्हणालं, क्रेन, कापडी पट्टे लावून. क्रेन गावठाणाच्या बोळात शिरेना. शिरली असती तर दोन गॅलऱ्या आणि गावाची वीज बरोबर घेऊन आली असती. जेसीबी म्हणजे लोखंड. तेवढ्यात काका उभे राहिले. त्यांचे डोळे असे चमकत होते, की मी शेजारी बसून त्यांचा सदरा ओढायला लागले.

“लोखंड न्हाय!” काका म्हणाले. “चाक न्हाय! बैल न्हाय!”

“काका, बसा,” सरपंच म्हणाले. सरपंच खालच्या आळीचे, भक्कम अंगाचे, भक्कम साखळीचे. काकांना दोनदा पाडणारे ते हेच.

“ओल्मेक लोकांजवल पन यातला कायच नवता! आनि त्यांनी याच्याहून धा पट धोंडं डोंगरातनं आनलं! दोरीनी! मानसांनी!”

हशा पिकला. काका हशा संपेपर्यंत थांबले आणि मग असं बोलले, की दोन्ही बाजूंची म्हातारी माणसं एकदम सरसावून बसली. “आपले बाप होड्या कशा काडायचे खाडीतनं? केलीचे खुंट खाली घालून, दोरीनी. इसरलाव?”

ते कोणी विसरलं नव्हतं. फक्त बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. काकांना सगळ्या कामाचा मुखत्यार नेमलं गेलं. गाव त्यांच्यावर फार भाळलं होतं अशातला भाग नाही. काम फसलं तर नाव घ्यायला कोणीतरी हवं होतं, आणि काका वरच्या आळीचे असूनही वरच्या आळीला आपले वाटत नव्हते, म्हणून खालच्या आळीलाही चालले, एवढंच. काकांना हे कळत होतं. घरी येताना मला म्हणाले, “बाई, एकदा. एकदाच गाव माज्या सबुदावर हालला पायजे. मंग मी मेलो तरी चालंल.” मी म्हटलं, “मरायचं सोमवारनंतर ठेवा.” ते हसले.

पुढचे चार दिवस काय सांगू! काकांच्या अंगात वारं शिरलं. धोंडा ओढून न्यायला लाकडी पाटा तयार झाला: दोन जाड ओंडके, वर फळ्या, आणि खिळा लोखंडाचा असतो म्हणून सगळं दोरीने आवळलेलं. केळीचे खुंट वज्रेश्वरीकडून टेम्पोने आले. काम करून घ्यायचं तर आधी जेवण घालावं लागतं, राजे असेच झाले, असं पुस्तकाचं एक म्हणणं होतं. म्हणून काकींवर दोन आळ्यांच्या जेवणाची जबाबदारी पडली. आणि राजा उंचावर हवा, म्हणून काकांनी तळ्याच्या अंगाला मातीचा चौथरा रचायला घेतला. एकही माणूस माती वाहायला आला नाही. दोन दिवस म्हातारा एकटा घमेलं घेऊन खेपा घालत होता. शेवटी शाळेतून आल्यावर मी पदर खोचला आणि अकरा घमेली वाहिली. बाराव्याला काकांनी मला थांबवलं. खिशातून वही काढली.

“बाई, तुमी माती कशाला व्हाली?”

“काका, आता पुरे.”

“खरा सांगा. संशोधन हाय.”

“तुमची दया आली म्हणून.”

त्यांनी ‘दया’ असं लिहिलं, बराच वेळ त्याकडे पाहिलं आणि नाराजीने मान हलवली. “ओल्मेक राजाला दया चालली नस्ती.”

रविवारी सकाळी उन्हं वर यायच्या आत सगळं गाव वेशीवर. बांबू आणि लाकडी वासे घालून धोंडा कलता केला आणि पाट्यावर घेतला, तेव्हा टाळ्या पडल्या. वाटेवर पाणी मारलेलं, केळीचे खुंट आडवे मांडलेले. आणि मग काका अवतरले. त्या दगडी डोक्यांना शिरस्त्राण असतं, म्हणून काकांनी मोटरसायकलचं हेल्मेट घातलं होतं. खाली अर्धी चड्डी, गळ्यात हिरवी फरशी. ह्या थाटात ते तळ्यापाशी जाऊन अडीच फूट उंच चौथऱ्यावर उभे राहिले. काही बाया हसून हसून खाली बसल्या. मला त्यांचा राग आला आणि मीही हसले.

अडचण सुरू झाली ती दोरीपासून. खालच्या आळीची दोरी वरची आळी धरेना, वरची खालची धरेना. म्हणून पाट्याला दोन दोऱ्या बांधल्या, एक डावीकडून, एक उजवीकडून. हेही चाललं असतं. पण हाक कोणी द्यायची? खालच्या आळीसाठी सरपंच हाक देणार, वरच्यासाठी त्यांचा बँजो पार्टीचा गायक. आणि तिकडे दूर चौथऱ्यावर काका. खरी हाक त्यांची, असं बैठकीत ठरलेलं. पण हेल्मेटच्या आतून त्यांचा आवाज जेमतेम हनुवटीपर्यंत पोचत होता.

“ऊंऊं!” काका ओरडले.

“काय बोलले?” सरपंच.

“कोनाला म्हाईत. ओडा!”

खालच्या आळीने ओढलं. धोंडा उजवीकडे वळला. ते दम घ्यायला थांबले तोवर गायकाने सूर लावला आणि वरच्या आळीने ओढलं. धोंडा डावीकडे वळला. पुन्हा उजवीकडे. पुन्हा डावीकडे. पाऊण तास शंभर-सव्वाशे माणसं घामाने निथळत होती आणि धोंडा जागच्या जागी नाही-नाही म्हणून मान हलवत होता. चौथऱ्यावर हेल्मेट नाचत होतं, हातवारे करत होतं, ‘ऊंऊं’ करत होतं. मी पळत गेले.

“काका, ते हेल्मेट काढा! ऐकू येत नाहीये!”

त्यांनी काच वर केली. आत चेहरा रडवेला झाला होता. “काडून काय व्हनार, बाई? न्हाय ऐकत ते. कवाच न्हाय ऐकत.”

एवढ्यात पाट्यावरची एक दोरी सैल झाली, धोंडा कलंडतोय की काय असं वाटून बाया किंचाळल्या आणि माणसं मागे सरली. काकी जेवणाच्या चुलीकडून ताकाची कळशी घेऊन येत होत्या. त्यांनी एकदा धोंड्याकडे पाहिलं, एकदा चौथऱ्यावरच्या नवऱ्याकडे पाहिलं. कळशी खाली ठेवली. नऊवारीचा काष्टा घट्ट केला, दोन्ही दोऱ्यांच्या मधोमध धोंड्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्या मोजकं बोलणाऱ्या बाईच्या गळ्यातून असा आवाज निघाला, की लूमच्या शेडमधले कारागीर दारात आले.

“होडी कोनाची गोऽऽ?”

मग म्हाताऱ्यांपैकी एकाने, बहुतेक नकळत, उत्तर दिलं, “आपली!”

“जरा मोट्यांनी! होडी कोनाची गोऽऽ?”

“आपली!”

“कोना कोनाचीऽऽ?”

“आऽपली!”

‘आ’ला दम भरायचा आणि ‘पली’ला ओढायचं. काकींच्या बापाची होडी ओढताना हेच होत असणार. तो धोंडा होता, होडी नव्हती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही; आलं असेल तरी त्याने काही अडत नव्हतं. धोंडा एकदम हातभर सरकला. सगळ्यांच्या तोंडून ‘अरे!’ निघालं. परत हाक, परत हातभर. सरपंच आणि गायक दोघेही गप्प होऊन दोरीला लागले होते. बाया धावल्या आणि मिळेल त्या दोरीला लागल्या. कोणती दोरी कोणत्या आळीची हे बघायला वेळ कोणाला होता? मागून सुटलेले खुंट उचलून पुढे टाकायला लूमवाले आले, तेही बिनदिक्कत “आपली, आपली” ओरडायला लागले. हसणं, घसरणं, चिखलात बसणं, परत उठून ओढणं. एक आजोबा दोरी सोडून नुसतेच नाचत होते.

मी काकांकडे पाहिलं. ते चौथऱ्यावर स्तब्ध उभे होते. गाव हलत होतं आणि त्यांच्या शब्दावर हलत नव्हतं. मला वाटलं, आता हे मोडले. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांनी हेल्मेट काढलं आणि माझ्या हातात दिलं.

“बाई, मना वाटला व्हता, आदी राजा लागतंय,” ते म्हणाले.

आणि चौथऱ्यावरून उडी मारून पळाले. ह्या वयात, अर्ध्या चड्डीत, केळीच्या सालींवरून घसरत. दोरीच्या पार शेवटी जाऊन लागले आणि बायकोच्या हाकेला गळ्याच्या शिरा ताणून ओरडले, “आऽपली!” त्यांचा आवाज मला त्या शंभर आवाजांतही वेगळा ओळखू आला.

दुपार व्हायच्या आत धोंडा तळ्याशी पोचला. पाट्यावरून उतरवला, सरळ केला, बसवला. ओढताना सगळ्यांना काय करायचं ते माहीत होतं. आता हात मोकळे झाले आणि सगळी माणसं तशीच उभी राहिली. वरची आणि खालची आळी चिखलाने इतकी माखली होती की कोण कुठला ते त्यांचं त्यांनाही ओळखू येईना. दोन घोळके करायचे तर सुरुवात कोणी करायची, असा पेच पडला. काकींनी मागून कोणीतरी आणून ठेवलेली आपली कळशी उचलली आणि सगळ्यांच्या नजरा वळायच्या आत पाठमोऱ्या झाल्या. त्या मुद्दाम पाठमोऱ्या झाल्या, हे मी बघितलं.

सरपंचांनी घाम पुसला, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग दोरीच्या टोकाशी धापा टाकत बसलेल्या माणसाकडे वळले.

“काका,” ते म्हणाले, “आता काय कराचा?”

आणि सगळं गाव काकांकडे बघायला लागलं. थट्टेने नाही. खरंच विचारत होते.

काका उठले. त्यांच्याजवळ ह्या घटकेसाठी किती भाषणं तयार होती ते मला माहीत होतं. ओढ्याचं होतं, आळ्यांच्या भांडणाचं होतं, रस्त्याचं होतं, मेक्सिकोचं तर होतंच. त्यांनी धोंड्याकडे पाहिलं, बायकोच्या पाठीकडे पाहिलं, आणि डोळ्यांतून घळघळ पाणी वाहत असताना म्हणाले,

“आता हात धुवा. आनि जेवाला बसा. सगली एकाच पंगतीला.”

सरपंच पहिले निघाले. त्यांच्यामागे बँजोवाला, त्याच्यामागे बाया, म्हातारे, लूमवाले. तळ्याच्या पायऱ्यांवर सगळे हात धुवायला उतरले. “जरा सरका,” असं कोणीतरी कोणालातरी म्हटलेलं मी ऐकलं.

काकांनी चिखलाच्या हाताने माझं कोपर धरलं. घट्ट.

“ऐकला, बाई. माजा ऐकला.”

बोंबलाच्या कालवणाचा वास सुटलाय, तांदळाच्या भाकरी उतरतायत, आणि भुकेल्या माणसाला कोणी जेवा म्हटल्यावर कोण नाही ऐकणार, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

“हो काका,” मी म्हटलं. “सगळ्यांनी ऐकलं.”